उरलेला डोंगर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला सर्वांत मोठा डोंगर जिल्ह्यातल्या बहुतेकांना डोंगर म्हणून कधी दिसतच नाही. शहरातून निघून वेरूळ, कन्नड करत चाळीसगावच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा कापूस, मका आणि आल्याचे वाफे. चढ म्हणावा असा फारसा लागत नाही. अधूनमधून टेकड्या दिसतात, पण गुराख्यानं दुपारी सावलीला जाऊन बसावं एवढ्याच. कन्नड मागं पडतं आणि थोड्याच वेळात जमीन संपते. समोर, पार खाली, खानदेश पसरलेला असतो आणि रस्ता वळणं घेत त्यात उतरू लागतो. कन्नड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर, चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. आपण इतका वेळ डोंगराच्या डोक्यावरूनच चाललो होतो, हे तेव्हा ध्यानात येतं.

हाच डोंगर चाळीसगावकराला विचारा. त्याच्या दक्षिणेचं सगळं क्षितिज अडवून तो उभा असतो. पावसाळ्यात त्याच्यावरून पांढऱ्या धारा लोंबतात, उन्हाळ्यात तो करडा पडतो. मराठवाड्यातून पाहिलं तर पठार, खानदेशातून पाहिलं तर कडा. नकाशात त्याला सातमाळा-अजिंठा रांग म्हणतात. नाशिककडं ती सप्तशृंगी, धोडप अशी उंच आणि टोकदार आहे; मनमाडजवळ अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि हडबीच्या शेंडीचा तो चमत्कारिक सुळका उभा राहतो. तिथून पूर्वेला ती बुटकी आणि सपाट होत कन्नड, सोयगाव, अजिंठा करत बुलढाण्याकडं जाते. आपल्या वाट्याला आला आहे तो हा सपाट माथ्याचा तुकडा.

म्हणूनच तो पर्वतांच्या यादीत बसत नाही. पर्वत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं त्रिकोण येतो. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत मराठवाड्यातली पोरंही तोच काढतात, टोकाशी कागद पांढरा सोडून. बर्फ ज्यांनी फ्रिजच्या बाहेर पाहिलेला नाही त्यांच्या हातात हा त्रिकोण आला तो कॅलेंडरांतून, चॉकलेटच्या वेष्टनांवरून आणि स्वित्झर्लंडला जाऊन चित्रित केलेल्या हिंदी गाण्यांतून. तो आल्प्सचा त्रिकोण आहे. नेमकं बोलायचं तर मॅटरहॉर्नचा.

मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर. आफ्रिकेकडचा भूखंड युरोपवर येऊन आदळला, मधल्या समुद्राचा तळ चिरडला गेला, खडकाच्या घड्यांवर घड्या पडल्या आणि त्यातून आल्प्स वर आला. या धडकेत थर असे उलटेपालटे झाले, की मॅटरहॉर्नच्या माथ्याचा खडक मूळचा आफ्रिकेच्या बाजूचा आहे. त्याला ते टोक मात्र धडकेनं दिलेलं नाही. ते काम हिमनद्यांचं. चारी अंगांनी बर्फ साचला, सरकला, खडक खरवडत गेला आणि मधे चार बाजूंचा सुळका राहिला.

आपल्याकडं धडक झाली नाही, घड्याही पडल्या नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत दक्षिण गोलार्धात होता आणि आज जिथं रियुनियन बेट आहे त्या भागावरून सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखीच्या शंकूतून उसळणारा नव्हे. उतू जाऊन पसरणारा. एक थर पसरला, थंडावला, कधी त्यावर माती धरली, मग पुढचा थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा काळा दगड पसरलेला आहे, आणि झिजून गेला तो वेगळाच. आल्प्सच्या घडणीचा मोठा काळ साधारण तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. म्हणजे कन्नडच्या शेताच्या बांधावरचा धोंडा आल्प्स उभा राहण्याआधी तेवढीच वर्षं जुना झालेला होता.

पण हे सगळं आडवं पसरलेलं. मग कडा कुठून आला? पाण्यानं कोरून काढला. तापीचं खोरं उत्तरेला खोल आहे. तिकडं धावणाऱ्या ओढ्यांना थोडक्या अंतरात पुष्कळ उतरायचं असतं, म्हणून ते जोरात कापतात आणि माथ्याची कड मागं, दक्षिणेकडं, ढकलत नेतात. गोदावरीकडं जाणाऱ्या नद्यांना कसलीच घाई नाही. त्या पठारावरून रमतगमत जातात. दोन बाजूंच्या पाण्याच्या वेगातला हा फरक म्हणजेच अजिंठ्याची रांग. कोणी जमीन उचलून डोंगर केला नाही. आजूबाजूचं गेलं आणि हे उरलं.

ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की या भागातली प्रत्येक प्रसिद्ध जागा वेगळी दिसायला लागते. अजिंठा, वेरूळ, पितळखोरा, देवगिरी: इथं मोठेपणा मिळाला तो दगड रचून नव्हे, काढून. पाण्यानं सुरू केलेलं काम माणसांनी छिन्नीनं पुढं नेलं. आणि त्याला कारण दगडाचा स्वभाव.

तो स्वभाव विहीर खणणाऱ्याइतका कुणालाच ठाऊक नसतो. वरची माती गेली की मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, पाषाणाखाली मांजऱ्या, मग कुठं गेरूसारखा तांबडा थर आणि त्याखाली पुन्हा पाषाण. भूशास्त्रज्ञ हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. लाव्हाच्या प्रत्येक थरात वायूचे बुडबुडे असतात. ते वर सरकतात आणि दगड थिजला की अडकून बसतात. म्हणून थराचा खालचा-मधला भाग घट्ट, वरचा भाग जाळीदार. दोन थरांच्या मधल्या काळात जो माथा उघडा राहिला, कुजला, भाजला, तो तांबडा. घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांतून चालतं; जाळीदार मांजऱ्यात ते मुरतं; तांबड्या थरावर आलं की अडतं आणि आडवं वाट काढतं. डोंगराच्या अंगावर एका रेषेत झरे का असतात, याचं उत्तर त्या तांबड्या पट्ट्यात आहे.

घाटात दरडीचा एखादा फुटलेला दगड हातात घेऊन पाहा. करड्या-काळ्या अंगावर वाटाण्याएवढे, कधी लिंबाएवढे पोकळ फुगे. फुग्याच्या आतल्या भिंतीला हिरवट लेप. त्यावर पांढरे, चकाकणारे स्फटिक, आत तोंड करून वाढलेले. पोरं यांना गारगोट्या म्हणून खिशात घालतात. खनिजांच्या बाजारात हेच झिओलाइट आणि त्याच्या सोबतीनं सापडणारे अ‍ॅपोफिलाइट म्हणून परदेशी जातात, आणि जळगाव-संभाजीनगर पट्ट्यातल्या खाणींचं नाव जगभरच्या संग्राहकांना पाठ असतं. मला त्या स्फटिकांपेक्षा हिरव्या लेपाचं अप्रूप अधिक. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा असाच, हिरव्या मातीचा आहे. तांबडा आणि पिवळा गेरूचे. निळा तेवढा लाजवर्दाचा, दूरच्या व्यापारी वाटांनी आलेला. बाकी रंगपेटी डोंगरानंच पुरवली.

अजिंठ्याला बहुतेक माणसं पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं रांग लावतात आणि चौथ्या लेण्यात डोकावून पुढं जातात. चौथं तिथलं सर्वांत मोठं विहार, पण चित्रं जवळजवळ नाहीत. तिथं मान वर करून छत बघावं. ते कोरीव नाही. गोठलेल्या लाव्हाच्या वळ्या त्यावर जशाच्या तशा आहेत. खोदता खोदता कारागिरांना दगडात दोष लागला, छताचा भाग ढासळला, तेव्हा त्यांनी तो निखळता थर काढून टाकून छत आणखी वर नेलं. त्यामुळं एका थराचं अंग असं उघडं पडलं, की पुरातत्त्व खात्यालाही त्या छताची भूशास्त्रीय नवल म्हणून नोंद घ्यावीशी वाटली. मूर्तिकारानं हार मानलेली जागा डोंगरानं आपल्या हस्ताक्षरात भरून टाकली आहे.

वाघोरा नदीनं तिथं जे केलं आहे, ते मात्र मूर्तिकारांच्या शेकडो पिढ्या आधीचं. सात कुंडांतून उड्या घेत ती माथ्यावरून उतरते आणि घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुमारे ७६ मीटर उभा कडा तासला गेला. तीस लेणी आहेत ती त्या कड्याच्या पोटात, नदीपासून कमीजास्त उंचीवर. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या माथ्यावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली, ती नदीच्या या वळणामुळंच. एका काठावरून दुसरा काठ समोरासमोर येतो. आज त्या जागेला व्ह्यू पॉइंट म्हणतात आणि लेणापूरच्या बाजूनं तिथं जाता येतं. पावसाळ्यात गेलं तर लेण्यांच्या कपाळावरून पाणी कोसळताना दिसतं.

हे पाणी नेहमीच पाहुणा म्हणून आलं असं नाही. पितळखोऱ्याला ते घर पाडणारं ठरलं. कन्नड तालुक्यात, घाटाच्या अगदी कडेला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली ही लेणी. दगड जाळीदार, कुजका. दर्शनी भाग पुष्कळसे कोसळून गेले आहेत. पण खोदणाऱ्यांना पाणी कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. छतातून झिरपणारं पाणी बाहेर न्यायला त्यांनी खडकाच्या पोटातूनच पन्हळी काढल्या. चौथ्या लेण्याच्या दाराशी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. फण्यांना आरपार भोकं, मागं खडकात नाली. डोंगरातून येणारं पाणी नागाच्या मुखांतून बाहेर पडावं अशी ही योजना. गळती लपवायच्या ऐवजी तिचं शिल्प करून टाकणारा हा माणूस कोण होता, त्याच्या हाताखाली काम करायला आजच्या बांधकाम खात्यातले किती अभियंते तयार होतील, असं तिथं उभं राहिलं की मनात येतं.

आता पाण्याचीच वाटणी. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस उत्तरेला वळला तर तितूर, डोंगरी, वाघूर अशा नद्यांमधून तापीला मिळून अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला वळला तर शिवना, पूर्णा यांच्यातून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. आल्प्समध्ये असाच मान गोटहार्डच्या डोंगराला आहे. त्याच्या परिसरातून ऱ्हाईन उत्तर समुद्राकडं, ऱ्होन भूमध्य समुद्राकडं आणि टिचिनो पो नदीतून एड्रियाटिककडं जाते. तिथल्या भूगोलाच्या पुस्तकांनी त्याचं केवढं कौतुक केलं आहे. आमच्या कन्नड तालुक्यानं दोन समुद्रांना पाणी वाटलं, त्याची पाटीसुद्धा रस्त्यावर नाही. गंमत अशी, की पूर्णा नावाच्या नद्याही दोन. मराठवाड्याची पूर्णा कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून येलदरी, सिद्धेश्वर धरणांतून गोदावरीला जाते. विदर्भाची पूर्णा पश्चिमेला वाहत चांगदेवपाशी तापीला मिळते. मधे ही रांग. परीक्षेत अनेकांचे गुण या दोन पूर्णांनी खाल्ले आहेत.

डोंगराच्या उत्तर अंगाचं कापणं किती जिवंत आहे, ते ३१ ऑगस्ट २०२१ ला दिसलं. कन्नड घाटावर रात्रभर धो धो पाऊस झाला, दरडी रस्त्यावर आल्या, गाड्या अडकल्या, आणि खाली तितूर-डोंगरीच्या पुरानं चाळीसगाव आणि आसपासची गावं पाण्यात गेली. धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा घाट, कागदोपत्री औट्रम घाट. १८२५ नंतर खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला चिकटलं आहे. उत्तर-दक्षिण भारताची अवजड वाहतूक वर्षानुवर्षं याच अरुंद वळणांवरून चालली. शेवटी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर अवजड वाहनांना घाट बंद झाला. बोगद्याची चर्चा तर त्याच्याही आधीपासूनची. बोगदा झाला तर तो याच पाषाण-मांजऱ्या-तांबड्याच्या उतरंडीतून जाईल, आणि पाणी थरांच्या सांध्यांतून येईल, जसं पितळखोऱ्यात येत होतं.

देवगिरी या रांगेपासून तुटून एकटाच उभा आहे. दौलताबादच्या सपाटीवर सुमारे दोनशे मीटरांचा शंकू. पोरांच्या वहीतल्या त्रिकोणाशी मिळताजुळता डोंगर आपल्या जिल्ह्यात असलाच, तर हा. मूळचा तो लेण्यांच्या डोंगरांचाच सोबती. मधली जमीन झिजली आणि हा तेवढा मागं राहिला. पुढचं काम यादवांनी केलं. शंकूचा खालचा उतार त्यांनी चहूबाजूंनी तासून काढला आणि सुमारे पन्नास मीटर उंचीची उभी, गुळगुळीत भिंत केली. तळाशी खंदक, तोही खडकात. मॅटरहॉर्नला चार बाजूंनी तासायला बर्फानं लाखो वर्षं घेतली. इथं ते काम पाथरवटांनी केलं, आणि असं चोख की घोरपडीलाही पाय ठेवायला जागा मिळू नये.

मग वर जायचं कसं? डोंगराच्या पोटातून. अंधारी नावाचा वळणावळणाचा भुयारी जिना खडकातच खोदलेला आहे. वटवाघळांचा दर्प, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, एका वळणावर पुढच्याचा आवाज मागच्याला ऐकू येत नाही. आता दिवे आले, पण मध्ये वीज गेली की शत्रूचं काय होत असेल याचा अंदाज येतो. भुयाराच्या वरच्या तोंडाशी आगटी पेटवून धूर आत सोडायची सोय होती, असं सांगतात. किल्ला लढून पडल्याचं उदाहरण शोधावं लागतं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे: धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली. कथा खरी-खोटी कशीही असो, तिचा रोख बरोबर आहे. दगडानं दगा दिला नाही, कोठारानं दिला. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं इथं राजधानी आणायचा घाट घातला, त्याच्या डोळ्यांपुढंही हाच तासलेला डोंगर असणार. शिखराजवळ जनार्दनस्वामींचं स्थान आहे. एकनाथांचे हे गुरू देवगिरीचे किल्लेदार होते.

किल्ल्याच्या पायथ्याशी दिवाळीच्या आधी-मागं सीताफळांच्या पाट्या लागतात. खडकाळ उतारावर, खत-पाण्याविना वाढलेलं हे झाड इतकं इथलं झालं आहे, की ते अमेरिका खंडातून आलं हे कुणाला पटत नाही. डोंगरानं परक्यांना सामावून घेतल्याची ही गोड बाजू.

वेरूळबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे, की मी फक्त उताराबद्दल बोलतो. अजिंठ्याचा कडा उभा आहे; तिथं छिन्नी मारली की दर्शनी भाग तयार. वेरूळचा डोंगर पश्चिमेला सावकाश उतरत येतो. अशा उतारात लेणं करायचं तर आधी समोर अंगण खोदून उभी भिंत मिळवावी लागते. म्हणून वेरूळच्या लेण्यांना अंगणं आहेत, अजिंठ्याला ती नाहीत. कैलास लेणं या अडचणीचंच टोक आहे. उतारामुळं मागं जाल तसा खडक उंच होत जातो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कुणीतरी ठरवलं की नुसतं अंगण खोदून थांबायचं कशाला? तीन बाजूंनी चर मारून मधला डोंगरच मंदिर करू. वरून खाली. काढलेल्या दगडाचा अंदाज सुमारे दोन लाख टन सांगतात. उताराचा वैताग आला नसता तर कैलास सुचलं असतं का, मला शंका आहे. उत्तरेकडं एकोणतिसाव्या लेण्यापाशी वेळगंगेचा धबधबा पडतो, तो पाहायला श्रावण गाठावा. दिवाळीत त्याच्या जागी भिंतीवर काळी ओल असते.

वेरूळच्या वर खुलताबादचं पठार, त्याच्याही वर म्हैसमाळ, नऊशे मीटरांच्या पुढं. आपलं थंड हवेचं ठिकाण. महाबळेश्वर पाहिलेला माणूस तिथं हसतो, पण मे महिन्यात शहर बेचाळीस अंशांवर तापलेलं असताना म्हैसमाळच्या कड्यावर संध्याकाळी येणारा वारा घेतल्यावर तो हसू आवरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर गवतात बोटभर उंचीची फुलझाडं येतात. प्रा. वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' प्रसिद्ध केला, तेव्हा कोरडा म्हणून हिणवल्या गेलेल्या या प्रदेशाच्या वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद झाली. आल्प्सच्या वरच्या कुरणांत बर्फ वितळल्यावर काही आठवड्यांत सगळा संसार उरकणारी फुलं असतात. म्हैसमाळच्या फुलांचंही तसंच; फरक एवढाच की त्यांच्या मागं थंडी लागलेली नसते, ऊन लागलेलं असतं.

खरं रान पाहायचं तर गौताळा. १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झालं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर, सुमारे पाव हिस्सा जळगावात आणि उरलेलं आमच्याकडं. पानगळीचं जंगल. पळस, धावडा, तेंदू आहेतच, पण ओळख पटते ती अंजन आणि सालईनं. अंजनाचं पान आपट्यासारखं जोडीचं, लाकूड लोखंडासारखं. सालई उन्हाळ्यात सगळी पानं टाकून देते, तिच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि खरचटलं की सुवासिक डिंक वाहतो. जिथं मातीचा थर वीतभरही नाही, तिथं पाषाणाच्या भेगेत मूळ घालून ही झाडं उभी राहतात. वनखात्याचा कितीही मोठा रोपवन कार्यक्रम असो, भेग हुडकण्याचं हे ज्ञान खड्डा-खत-पाणी या हिशेबात बसत नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. तीनशेहून अधिक किलोमीटर चालून. पठारावरची शेतं, रस्ते, गावं चुकवत तो पश्चिमेला आला तो बराचसा या रांगेच्या आडोशानं. माणसांनी सपाटी घेतली आणि कडा कुणालाच नको होता. नकोशा जागेचा असाही उपयोग.

रांगेच्या उत्तर पायथ्याला पाटणादेवी आहे. केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबे तिथले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख इथलाच. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. म्हणजे घाटावर राजधानी आणि घाटाखाली गणिताची शाळा.

घाटाखालच्यांची गोष्ट निघालीच आहे तर सोयगावची सांगायला हवी. सोयगाव तालुका आमच्या जिल्ह्यात आहे, म्हणून मराठवाड्यात आहे. पण तो डोंगराच्या पलीकडं, उत्तरेला, खाली. तिथल्या ओढ्यांचं पाणी तापीला जातं. बोलीत खानदेशी वळण, सोयरिकी पाचोरा-जळगावच्या बाजूला, बाजारही तिकडचा. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल्यासाठी यायचं तर घाट चढून यायचं. निजामाच्या राज्याची हद्द डोंगर उतरून खाली गेली होती, ती तशीच राहिली. आणि मौज म्हणजे जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यात, फर्दापूरच्या कुशीत. ज्या अजिंठा गावाचं नाव ती मिरवतात ते वर, सिल्लोड तालुक्यात. मराठवाड्याला पर्यटनाच्या पुस्तिकेत पहिलं पान मिळवून देणारी जागा पाण्याच्या हिशेबानं मराठवाड्याची नाहीच. हळदा घाटाच्या तोंडाशी वेताळवाडीचा किल्ला, बनोटीजवळ सुतोंडा, नागद-कन्नडच्या अंगाला अंतूर: ही सगळी नाकाबंदी या उतरत्या वाटांवर होती. वरच्यांना खालून येणाऱ्याची भीती आणि खालच्यांना वरून उतरणाऱ्याची. आता किल्ल्यांवर निवडुंग आहे आणि घाटातल्या रस्त्याला खड्डे.

शहरापुरतं बोलायचं तर डोंगर आमच्या घराच्या मागंच आहे. विद्यापीठाच्या पाठीमागची औरंगाबाद लेण्यांची टेकडी, हर्सूल-जटवाड्याकडचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर. वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. या पावसावर सतराव्या शतकात मोठं शहर उभं राहिलं ते डोंगराच्या पोटातल्या पाण्यावर. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी काढली. हर्सूलच्या बाजूच्या खोऱ्यात जमिनीखाली मुरलेलं पाणी गोळा करून, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय शहरात आणलं; मधूनमधून विहिरीच्या तोंडासारखे चौकोनी उच्छ्वास ठेवले, म्हणजे गाळ काढता यावा. पुढच्या नहरी त्याच धर्तीच्या. पाणचक्कीचं जातं फिरलं ते अशाच डोंगरातून आलेल्या पाण्यानं. मुरूम, मांजऱ्या आणि पाषाण यांच्या सांध्यात पाणी कुठं सापडतं हे ज्याला कळलं होतं, त्याचंच हे काम.

त्या टेकड्या आता खडी म्हणून विकल्या जातात, मुरूम म्हणून भरावात जातात, आणि राहिलेल्या उतारावर प्लॉट पडतात. शहराला दगड लागतो, मलाही. हे लिहितो आहे ती खोलीही त्याच खडीच्या काँक्रीटची. पण पाथरवटानं काढलं आणि क्रशरनं काढलं यात एक साधा फरक आहे: पाथरवट आधी थर वाचत होता. कुठली टेकडी पाणी धरते आणि कुठली नुसता कोरडा पाषाण आहे, हे आज भूजल सर्वेक्षण विभागाला सांगता येतं, खाणपट्टा देताना ते विचारलं तर. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून शहरातून जाते. गेल्या काही वर्षांत तिच्या काठांची सफाई झाली, भिंती रंगल्या, फिरायला वाटा झाल्या. काम चांगलं आहे. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पुलांच्या यादीआधी उगमाकडच्या टेकड्यांचे गट नंबर यावेत, आणि त्या गटांवर नवा खाणपट्टा मिळणार नाही असं एक कलम यावं. महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालय, दोघांनी मिळून करायचं हे काम आहे, आणि त्याला ना बोगद्याएवढा खर्च आहे ना वेळ.